पगडीचं दुसरं टोक

धुळ्याहून एसटीने भुसावळला गेलो आणि तिथून दिल्लीची गाडी धरली. आमच्या कॉलेजच्या मुलींचं सेवा शिबिर चंडीगडला एका वृद्धाश्रमात होतं. मुलींबरोबर वसतिगृहाची एक बाई पाहिजे असा नियम आहे. दरवर्षी रेक्टरबाई जातात. या वर्षी त्यांचा गुडघा धरला, म्हणून मला पाठवलं. मी वसतिगृहात स्वयंपाक आणि झाडलोट बघते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचायची-लिहायची सवय मी मोडू दिली नाही. येता का, असं मला कोणी विचारलं नव्हतं. शिबिर नेणाऱ्या देवरे मॅडम म्हणाल्या, "मावशी, स्वेटर आहे ना?" तेव्हा मला कळलं की मी जाते आहे.

दिल्लीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे धुकं लागलं. खिडकीबाहेर कुणीतरी पांढरी चादर धरल्यासारखं दिसत होतं आणि गाडी थोडी चालायची, मग कुठेतरी शेतात उभी राहायची. धुकं जरा विरळ झालं की गव्हाची हिरवी शेतं, मधे मोहरीचा पिवळा पट्टा आणि वीटभट्ट्यांची उंच धुराडी दिसायची. मुली पत्ते खेळत होत्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटली. समोर एक पंजाबी बाई होती, तिलाही दिली. तिने चटणी बोटाने चाखली, पाणी प्यायली आणि परत चाखली. मग पिशवीतून रेवड्या काढून माझ्या ओंजळीत घातल्या. आमचं तेवढंच बोलणं झालं.

चंडीगड पाहिल्यावर पहिलं मनात आलं ते हे, की इथे माणसं कुठे आहेत? रस्ते आपल्या चारपट रुंद. दोन्ही बाजूंना झाडं, झाडांच्या मागे घरं, रस्त्यावर दुकान नाही, टपरी नाही. प्रत्येक चौक गोल आणि त्यात फुलं लावलेली. गावाचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिलेत, त्याला सेक्टर म्हणतात. दुसऱ्याच दिवशी मी पायमोजे आणायला बाहेर पडले आणि चुकले. एक गोल चौक ओलांडला की पुढे तसाच दुसरा. कुणाला विचारायला मला जमत नाही, लहानपणापासून जमत नाही. इथे तर विचारायला कुणी नव्हतंच. मोटारी काचा लावून जात होत्या. शेवटी एका म्हाताऱ्या माळ्याने आपणहून विचारलं, "कहाँ जाना है, बीबी?" तेव्हा परत आले. पायमोजे राहिलेच.

आश्रम गावाच्या कडेला, मोहालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. लाल विटांची दुमजली इमारत, पुढे हिरवळ. वर राहायच्या खोल्या, खाली जेवणघर आणि टीव्हीची खोली. मागच्या बाजूला एक वॉर्ड होता. ज्यांना खाली उतरून जेवता येत नाही त्यांना तिथे ठेवत. त्या वॉर्डात गेलेला माणूस सहसा परत वर येत नाही, हे मला तिथल्या स्वयंपाकिणीने सांगितलं. तिने ते पीठ मळता मळता सांगितलं, काही विशेष सांगितल्यासारखं नाही.

आश्रमातली माणसं बहुतेक नोकरीतून निवृत्त झालेली. सगळ्यांच्या नावापुढे जी. ऊन पडलं की खुर्च्या हिरवळीवर यायच्या. बायका मटार सोलायच्या नाहीतर विणायच्या. विणताना त्या सुयांकडे बघतही नसत. टीव्हीजवळची खुर्ची कौशल्या बहनजींची. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि तिकडे शिक्षिकेला बहनजी म्हणतात. रिमोट त्यांच्या शालीखाली असायचा. आमच्या मुलींनी पहिल्या दिवशी पाया पडायला वाकल्यावर त्यांनी विचारलं, "नाखून काटे हैं?" मुलींनी हात मागे घेतले.

शिबिराची सुरुवात सत्काराने करायची असं मॅडमनी धुळ्यालाच ठरवलं होतं. आपल्याकडे पाहुण्याचा मान करायचा तर शाल, नारळ आणि फेटा. त्यांनी पेठेतून शिवलेले तयार भगवे फेटे आणले होते, एकावर एक रचून मोठ्या खोक्यात. भुसावळच्या फलाटावर ते खोकं माझ्याच डोक्यावर होतं. त्या फेट्यांत काही चूक आहे असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

कार्यक्रम जेवणघरात झाला. एक मुलगी नाव वाचायची, एक शाल द्यायची आणि प्राजक्ता फेटा घालायची. म्हातारे खुश होते. टकलावर फेटा घालून एकमेकांना बघत हसत होते. शेवटच्या रांगेत एक उंच सरदारजी बसले होते. त्यांचं नाव करतारसिंग, सगळे त्यांना बाबाजी म्हणत. पांढरी दाढी, अंगावर जाड कोट, डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी. त्यांचं नाव वाचल्यावर ते उठले नाहीत, हातानेच नको म्हणाले. प्राजक्ताला वाटलं लाजतात. ती हसत मागे गेली आणि "बाबाजी, फोटो तो बनता है" म्हणत तिने त्यांची टोपी काढली.

टोपीबरोबर आतला लहान रुमालही निघाला. बुचड्यात बांधलेले पांढरे केस सुटून खांद्यावर आले. पुढच्या रांगांना काही दिसलं नाही, ते टाळ्या वाजवत राहिले. बाबाजींनी दोन्ही हातांनी केस गोळा केले, डोक्यावर धरले आणि तसेच उठून जिन्याकडे गेले. प्राजक्ता हातात फेटा घेऊन उभी.

बहनजी खुर्चीतूनच म्हणाल्या, "मैडम जी, सरदार के सर को हाथ नहीं लगाते. कॉलेज में यह नहीं पढ़ाते?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्या आणि प्राजक्ता लगेच वर माफी मागायला गेल्या. बाबाजींनी दार अर्धं उघडलं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "कोई गल नहीं, बच्चे" (काही हरकत नाही, बाळ), एवढं म्हणून त्यांनी दार लावलं. प्राजक्ता जिन्यात बसून रडली. संध्याकाळी बाबाजी जेवायला खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत.

आश्रमाच्या मॅनेजर सूद मॅडम. त्यांनी देवरे मॅडमना ऑफिसात बोलावलं, मी चहा घेऊन गेले होते. सूद मॅडम म्हणाल्या, "गलती हो गई, छोड़िए. मेरी मुश्किल दूसरी है. एक आदमी के लिए थाली लेकर ऊपर-नीचे जाने को मेरे पास कोई नहीं है. जो नीचे नहीं आता, उसे पीछे वार्ड में रखना पड़ता है." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आप लोग जब तक हैं, दीदी खाना ऊपर दे दें. उसके बाद देखेंगे."

म्हणजे आमचं शिबिर संपेपर्यंत बाबाजींना मुदत होती. मुलींना रोज काही ना काही काम नेमलेलं, गाणी, व्यायाम, मोबाइल शिकवणं. माझ्या नावावर काही नव्हतं. ताट माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी दार वाजवलं, ताट टेबलावर ठेवलं आणि खाली बघत वळले. मागून आवाज आला, "जेवण व्हयनं का माय?" (जेवण झालं का बाई?)

ती आमची अहिराणी. धुळ्यातसुद्धा कॉलेजच्या मुली ती घरात बोलतात आणि बाहेर लपवतात. मी दारातच थांबले.

"धुळेवाली है न तू?" बाबाजी म्हणाले. "तुझ्या मॅडमने भाषणात धुळे म्हटलं, तेव्हाच कान उभे राहिले माझे."

ते ट्रक चालवायचे. लुधियानाहून माल भरायचा आणि आग्रा रोडने मुंबईला जायचं. सेंधवा, पळासनेर, शिरपूर, धुळे, मालेगाव, ही नावं त्यांनी मला एका दमात सांगितली. लळिंगच्या घाटाखाली एका बाईचा ढाबा होता, ती शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी द्यायची. अहिराणी त्यांनी तिच्याकडून उचलली. बाकी मराठी पोलिसांकडून, असं म्हणाले आणि ती कशी मराठी होती ते सांगायचं टाळलं.

माझं माहेर लळिंगच्या अलीकडे, रस्त्यालाच. मी ते सांगितलं. मग त्यांनी आमच्या गावच्या चिंचेचं विचारलं. चिंच रस्ता वाढवताना गेली, म्हटलं. ते "अच्छा" म्हणाले आणि जेवायला लागले.

नंतर मी रोज तिथे बसू लागले. मला फार बोलावं लागत नसे, ते बोलायचे. खोलीत दोन खाटा होत्या. दुसरी गुप्ताजींची. ते पोस्टातून निवृत्त झालेले, दिवाळीनंतर गेले. खाटेवर अजून त्यांची उशी होती. बाबाजींच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती. एकदा त्यांनी काहीतरी काढायला ती उघडली, तर वरच तीन पगड्या घडी घालून ठेवलेल्या दिसल्या. एक बदामी, एक गर्द निळी, एक मोतिया.

मी विचारलं, "या का नाही बांधत?" अनोळखी पुरुषाला मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"दूसरा बंदा चाहिए," ते म्हणाले.

पगडीचं कापड लांबच्या लांब असतं. ते आधी दोघांनी दोन टोकांना धरून तिरपं ताणायचं आणि लांबीत घड्या घालायच्या, मग ते डोक्याला बांधतात. त्याला पूणी म्हणतात. गुप्ताजी हिंदू, पण शेजारच्या खाटेवर राहून पूणी शिकले होते. रोज सकाळी आंघोळीनंतर एक टोक ते धरायचे. ते गेल्यावर बाबाजींनी टोक खिडकीच्या गजाला बांधून पाहिलं.

"गज पकडता है, खींचता नहीं," ते म्हणाले. "समोरून कुणी ओढलं तर कापड जिवंत होतं. गजाला काय कळतं." मग लोकरीची टोपी आली. सरदाराने टोपी घालून जेवणघरात बसायचं हेच त्यांना जड जात होतं, आणि त्यात आमचा फेटा.

खाली येऊन मी भांडी घासत होते तेव्हा मला आठवलं की पूणी मी पाहिलेली आहे. लहानपणी आमच्या गावाजवळच्या विहिरीवर ट्रक थांबायचे. सरदार ड्रायव्हर आंघोळ करून केस वाळवायचे, आणि मग ड्रायव्हर एका टोकाला, क्लिनर दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या कडेने रंगीत कापड ताणायचे. आम्ही पोरं त्याच्या खालून पळायचो. ते शिव्या द्यायचे, पण हसत.

तरी मी लगेच काही बोलले नाही. पुरुषाच्या पगडीला परक्या बाईने हात लावावा की नाही, मला माहीत नव्हतं. एकदा आमच्याकडून चूक झालेली होतीच. स्वयंपाकिणीला विचारलं. ती म्हणाली, "लो, हमारे घर में तो मैं ही कराती हूँ. बेटी भी कराती है. इसमें क्या है?"

दुसऱ्या दिवशी ताट ठेवल्यावर मी म्हटलं, "बाबाजी, मी धरू का?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग पेटीतून बदामी पगडी काढली, कपाळाला लावली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. खोली पुरली नाही, मला दाराबाहेर बोळात जावं लागलं. मी आमच्या सासूबाईंबरोबर नऊवारीच्या घड्या घालायची, मला वाटलं तसंच असेल. तसं नव्हतं. साडी हलक्या हाताने धरतात. इथे ते मागे वाकून ओढत होते आणि मी पुढे ओढली जात होते.

"खींच, धुळेवाली."

मी ओढलं.

"अब ढील दे. ढील म्हटलं, सोडलंस कशाला? क्लिनर तुझ्यासारखा असता तर ट्रक लळिंगच्या घाटातच राहिला असता."

टोक माझ्या हातून निसटून जमिनीवर पडलं होतं. त्यांनी ते उचललं, परत कपाळाला लावलं, झटकलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. दुसऱ्यांदा जमलं. मग मी एकेक घडी घालत त्यांच्याकडे चालत गेले, आणि कापड एका हाताएवढं अरुंद होऊन त्यांच्या हातात गेलं. त्यांनी टोक दातात धरलं आणि आरशासमोर बांधायला सुरुवात केली. प्रत्येक फेर मागच्या फेरावर जरा चढलेला. शेवटी एक लोखंडी सलाई घेऊन घड्यांच्या कडा आत सारल्या. माणूस एकदम वेगळा दिसू लागला. त्यांचा कोट जुना आहे, हे मला तेव्हा दिसलं.

त्या दिवशी ते खाली येतील असं मला वाटलं. आले नाहीत. पगडी बांधून खोलीतच जेवले. "आज नहीं," म्हणाले. त्यानंतरही एक-दोन दिवस तसंच. रोज सकाळी मी टोक धरायचे, ते पगडी बांधायचे आणि खाटेवर बसून राहायचे. मला कुणी आग्रह केला की मी आणखी मागे जाते, म्हणून दुसऱ्याला आग्रह करायला मी घाबरते.

रविवारी देवरे मॅडमच्या मामेबहीण मेघाताई आल्या. त्यांचे यजमान सैन्यात, चंडीमंदिरच्या छावणीत राहतात, त्यांच्याच ओळखीने हा आश्रम मिळाला होता. त्यांनी पातेलंभर कांदेपोहे आणि तिळाच्या वड्या आणल्या. बरोबर त्यांची लहान मुलगी. मी तिला मराठीत विचारलं, "वडी घेतेस का?" ती म्हणाली, "नहीं आंटी, मैंने खा ली." मेघाताई म्हणाल्या, "हिचं असंच. कळतं सगळं, उत्तर हिंदीत."

फेट्याची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं ताई, सरदारजींना फेटा? एक फोन करायचास ना मला."

"फोन तू उचलतेस कधी?" देवरे मॅडम म्हणाल्या.

हे चाललेलं असताना जिन्यावर काठीचा आवाज झाला. बाबाजी खाली येत होते, निळी पगडी बांधून. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. प्राजक्ता भिंतीशी सरकली. बहनजींनी वृत्तपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"लो जी, महाराजा पधारे. अब रिमोट छुपाना पड़ेगा."

"छुपाना क्यों है, बहनजी," बाबाजी बसता बसता म्हणाले, "आपके पास तो ख़बरें पहले से होती हैं."

माणसं हसली आणि परत बोलायला लागली. बाबाजींनी पोह्यांची बशी जवळ ओढली आणि प्राजक्ताला हाक मारली. ती आली. त्यांनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "इसमें शेव नहीं डाली? धुळे वाले हो या नहीं?" शेव नव्हती. प्राजक्ताने आपल्या खोलीतून खाऊतला शेवेचा पुडा फोडून आणला.

त्या आठवड्यात ते रोज खाली येत होते. मक्याची रोटी आणि सरसोंचा साग मी त्यांच्याबरोबर बसून खाल्ला. साग म्हणजे मोहरीचा पाला, तासन्‌तास शिजवून घोटलेला, वर पांढरं लोणी. मला तो कडवट लागला. बाबाजी म्हणाले, आपल्या भाकरीबरोबर बरा लागेल. आपल्या, असं म्हणाले. मुली सुखना तलावावर गेल्या तेव्हा मी गेले नाही, ऊन होतं म्हणून हिरवळीवर बाबाजींजवळ मटार सोलत बसले. तलाव बघायचा राहिला. सगळे म्हणतात बघायला पाहिजे होता.

मला घोर लागला होता तो पुढचा. आम्ही शनिवारी निघणार होतो.

मी विचारलं, "आम्ही गेल्यावर?"

"फिर टोपी."

"टोपी घालून जेवायला याल?"

त्यांनी पगडीची कड बोटाने आत सारली. उत्तर मला कळलं, आणि सूद मॅडम शब्दाच्या पक्क्या होत्या.

आश्रमात दुसरे दोन सरदारजी होते. एकाचे हात कापायचे आणि दुसरे स्वतःच मागच्या वॉर्डात होते. नोकरांना सकाळी श्वास घ्यायला वेळ नसे. वरच्या मजल्यावर बोळात समोरची खोली बहनजींची होती. त्यांना विचारायचं मी ठरवलं. एक हिंदी वाक्य मी कणीक मळताना पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. संध्याकाळी टीव्हीच्या खोलीत त्या एकट्या होत्या तेव्हा गेले.

"बहनजी, बाबाजी की पगड़ी का एक सिरा आप पकड़ेंगी क्या? हमारे जाने के बाद."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "उन्होंने कहलवाया है?"

"नाही."

"तो?" त्यांनी चष्मा काढला. "गुप्ताजी गये, तो मैं खुद गई थी पूछने. बोले, बहनजी, आपसे नहीं होगा. सारी उमर बच्चों के कान खींचे हैं मैंने. एक कपड़ा नहीं खिंचेगा मुझसे?" त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे टीव्हीवर होते. "जिसको ज़रूरत है वह बोले. मैं दोबारा नहीं जाऊँगी."

बाबाजींना मी सकाळी हे सांगितलं. ते म्हणाले, "तिने मेहेरबानी केल्यासारखं विचारलं होतं. मास्टरनी है, एक दिन पकड़ेगी, सौ दिन सुनाएगी."

"मग तुम्ही विचारा."

"मैंने किसी से कुछ नहीं माँगा. गाड़ी ख़राब होती थी तो जंगल में रात काटता था, हात दाखवून कुणाला थांबवलं नाही."

मला ते कळत होतं. मीसुद्धा गोल चौकात फिरत राहिले होते, विचारलं नव्हतं. पण त्यांना हे सांगावं असं वाटलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती.

शुक्रवारी पूणी झाल्यावर मी म्हटलं, "उद्या सकाळी मला यायला जमणार नाही. मुलींचं सामान बांधायचंय."

ते पगडीचा फेर घेत होते. हात थांबला. "पक्का?"

"पक्का."

सामान मी शुक्रवारी संध्याकाळीच बांधून ठेवलं.

शनिवारी धुकं होतं. गाडी फाटकाशी उभी होती आणि मुली म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी चहाची भांडी उचलायच्या निमित्ताने जिन्याखाली थांबले. न्याहारीची घंटा झाली. वर दारं उघडली, माणसं काठ्या टेकत उतरायला लागली. जिन्याच्या कठड्यातून बोळ दिसतो. बाबाजींच्या खोलीचं दार उघडलं. ते उंबऱ्यात आले, डोक्याला लहान रुमाल, खांद्यावर मोतिया पगडीचं सगळं कापड. समोरून बहनजी निघाल्या. बाबाजींनी फक्त कापडाचं टोक पुढे धरलं, जसं गाडीवाला फाटकावर पास दाखवतो तसं, दुसरीकडे बघत.

बहनजी थांबल्या. पुढे चालल्या. परत थांबल्या. शालीखालून रिमोट काढून त्यांनी खिडकीत ठेवला आणि टोक हातात घेतलं.

"खींचूँ?"

"खींचो."

"ज़ोर से?"

"बहनजी, पगड़ी है, ट्रक नहीं है."

"बोलना बंद करो और सीधे खड़े रहो," बहनजी म्हणाल्या, आणि मागे वाकून त्यांनी असं ओढलं की बाबाजी उंबऱ्याच्या बाहेर आले.

बाहेरून मुली हाका मारत होत्या, मावशी, मावशी. मी भांडी मोरीत ठेवली, स्वयंपाकिणीला नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले. गाडी गोल चौकांमागून गोल चौक ओलांडत स्टेशनला गेली. धुक्यामुळे काही दिसलं नाही.

परतीच्या प्रवासात विशेष काही घडलं नाही. गाडी उशिरा आली, जेवण थंड होतं. दिल्लीपर्यंत मुली उदास होत्या, नंतर पत्ते निघाले. धुळ्याला पोहोचलो तेव्हा दुपारचं ऊन होतं आणि मी स्वेटर काढून पिशवीत टाकला.

आता कुणी विचारलं की चंडीगड कसं आहे, तर मी रुंद रस्ते सांगते, फुलांचे चौक सांगते, साग कडू लागतो हे सांगते. तेवढं लोकांना पुरतं. बाबाजींचा फोन नंबर माझ्याकडे नाही. माझा त्यांच्याकडे नाही. ते अजून खाली जेवायला जातात की नाही हे मला कळायचा मार्ग नाही. बहनजी एक दिवस धरून थांबल्या असतील, किंवा रोज धरत असतील आणि रोज ऐकवत असतील. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

देवरे मॅडमना कुठून तरी कळलं की मी बाबाजींना न भेटताच निघाले. त्या परवा स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "मावशी, इतके दिवस त्यांच्याजवळ बसलात, निरोप तरी घ्यायचा होता. माणूस वाट बघत असेल." मी भाकरी थापत होते. राहून गेलं, असं म्हटलं. मोठ्या माणसांसमोर मला पटकन बोलायला सुचत नाही. सुचलं असतं तर सांगितलं असतं, की मी वर गेले असते तर त्यांनी ते टोक मलाच दिलं असतं.